दारू सुटली, आता संध्याकाळचं काय करायचं?

दारू सोडल्यावर पहिले काही दिवस कंटाळायलाही सवड नसते. घाम, थरथर, उडालेली झोप, दवाखान्याच्या फेऱ्या आणि घरच्यांचं कौतुक यातच दिवस जातात. खरी पंचाईत त्यानंतर सुरू होते. तब्येत सुधारते, भूक लागते, पण रोज संध्याकाळी सातच्या सुमारास घड्याळ पुढे सरकेनासं होतं. टीव्ही नको, पुस्तक नको, गप्पा नकोत. ‘न पिता जगायचं ते हेच असेल, तर सोडली कशाला?’ हा विचार याच वेळी डोकं वर काढतो. दुःखानं किंवा भांडणानं माणूस पुन्हा प्यायला लागतो असं सगळे धरून चालतात. निव्वळ कंटाळ्यापायी ग्लास उचलणारेही पुष्कळ असतात, फक्त ते कारण चारचौघांत सांगायला ओशाळल्यासारखं होतं.

आधी एक सूचना. हे सगळं दारू सुटून निदान एक-दोन आठवडे झालेल्यांसाठी आहे. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकट्यानं, घरच्या घरी, एकदम सोडू नये. शेवटच्या पेगनंतर ६ ते २४ तासांत थरथर आणि घाम सुरू होतो, फिट आली तर बहुधा पहिल्या ४८ तासांत येते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान भास, भ्रम, ताप अशी जिवावर बेतणारी अवस्था येऊ शकते. औषधांनी हे बहुतेक वेळा टाळता येतं. तो टप्पा डॉक्टरांच्या देखरेखीखाली पार करा.

कशातच जीव का रमत नाही

दारूमुळे मेंदूत डोपामीन हे सुखाशी, बक्षिसाच्या ओढीशी जोडलेलं रसायन वाढतं. ते रोज, वर्षानुवर्षं वाढत राहिलं की मेंदू त्याला कमी दाद देऊ लागतो. डोपामीन टिपणारे काही रिसेप्टर दीर्घकाळ पिणाऱ्यांच्या मेंदूत कमी झालेले स्कॅनमध्ये दिसतात. मग गाणं, गप्पा, खेळ, संभोग या साध्या सुखांचा आवाज त्या मेंदूपर्यंत नीट पोहोचतच नाही. दुसरीकडे, दारू मेंदू शांत करणाऱ्या गाबा या रसायनाचं काम वाढवते आणि उत्तेजित करणाऱ्या ग्लुटामेटचं दाबते. ती बंद झाली की उलटा प्रकार होतो: उगाच अस्वस्थ वाटतं, चिडचिड होते, झोप मोडते.

म्हणून दारू सोडल्यानंतरचा कंटाळा हा रविवार दुपारच्या साध्या कंटाळ्यासारखा नसतो. त्यात एकीकडे काही करावंसं वाटत नाही आणि दुसरीकडे स्वस्थ बसवतही नाही. हे आठवड्या-महिन्यांच्या हिशेबानं ओसरतं, आणि तेही एका चालीनं नाही. चार दिवस छान जातात, मग विनाकारण तीन दिवस मळभ येतं. पहिल्या तीन महिन्यांत ‘मला आता कशातच मजा येत नाही’ असा निकाल देण्याचा अधिकार स्वतःला देऊ नका. निकाल देणारा मेंदूच अजून दुरुस्तीला आहे.

दारू कोणकोणती कामं करत होती

‘छंद लावून घ्या’ हा सल्ला सगळे देतात आणि तो बहुधा फसतो. एका छंदाला दारूची पाच-सहा कामं एकट्यानं करता येत नाहीत, म्हणून. ती कामं आधी कागदावर आणा. पिण्याचे नेहमीचे प्रसंग आठवा आणि प्रत्येकापुढे चार गोष्टी लिहा: किती वाजता, कुठे, कोणाबरोबर आणि पहिल्या घोटानंतर काय सुटल्यासारखं वाटायचं. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. त्यात साधारण अशी उत्तरं निघतात: काम संपलं याची खूण, दिवसभर राबल्याचं बक्षीस, मित्रांत बसायचं निमित्त, बोलायचं धाडस, डोक्यातली चक्रं बंद करणं, काहीही न करता बसायची मुभा. तुमच्या यादीत यांपैकी दोन किंवा तीन ठळक असतील. बदली शोधायची ती त्या कामांसाठी. ज्याला दारू ‘काम संपलं’ हे सांगायला लागत होती, त्याला चित्रकलेचा क्लास लावून फारसं काही साधत नाही. त्याला घरी आल्याबरोबर कपडे बदलून, अंघोळ करून बाहेर पडण्याची ठरलेली पद्धत जास्त उपयोगी पडते.

याच कागदावर तासांचा हिशेब करा. फक्त पिण्याचे धरू नका. आणायला जाणं, लपवणं, कोणाला बोलवायचं याचे फोन, प्यायल्यावर नुसतं पडून राहणं आणि दुसऱ्या दिवशीची जड सकाळ हेही त्यात येतं. दिवसाला चार तास धरले तरी आठवड्याचे २८ होतात. इतकी मोठी पोकळी अर्ध्या तासाच्या व्यायामानं भरत नाही, आणि ‘व्यायाम करूनही कंटाळा येतोच’ ही तक्रार इथूनच येते. सगळे २८ तास भरायला जाऊ नका. पहिल्या महिन्यात त्यातले दहा-बारा ठोस ठरवले आणि राहिलेल्यांत झोप, घरकाम, आंघोळीपांघोळीला वाढीव वेळ दिला तरी पुरतं.

पहिली नव्वद मिनिटं

पूर्वी ज्या वेळी पहिला पेग भरला जायचा, तिथपासूनची नव्वद मिनिटं सर्वांत अवघड. रात्र त्या मानानं सोपी जाते. तेव्हा सगळी तयारी याच नव्वद मिनिटांवर लावा.

त्या वेळेच्या अर्धा तास आधी पोटभर काहीतरी खा. भूक आणि तलफ शरीरात जवळजवळ सारख्याच जाणवतात, आणि रिकाम्या पोटी दोन्हींतला फरक ओळखू येत नाही. घरी पोहोचल्यावर नेहमीच्या खुर्चीत बसू नका. ती खुर्ची हलवा, दुसऱ्या खोलीत टाका किंवा तिच्यावर सामान ठेवा. हे पोरकट वाटतं, पण सवय ही जागा, वास आणि वेळ यांना चिकटलेली असते. कामावरून परतीचा रस्ता दुकानावरून किंवा बारवरून जात असेल तर तो बदला, दहा मिनिटं जास्त लागली तरी चालतील.

मग असं काही ठेवा ज्यात हात गुंततात आणि दुसरं कोणीतरी वाट पाहतं. हात गुंतणं का, तर नुसतं पाहण्या-ऐकण्यात डोकं मोकळं राहतं आणि पुन्हा तिकडेच जातं. दुसरं कोणी वाट पाहणं का, तर ‘आज नको, उद्या करू’ हे स्वतःला सांगणं सोपं आणि मैदानावर उभ्या असलेल्या माणसाला सांगणं अवघड असतं. ठरलेल्या वेळेचा बॅडमिंटनचा डाव, मुलांना शिकवणं, कोरसमधला सराव, कुत्र्याला फिरवणं, शेजाऱ्याबरोबर चालणं यांत दोन्ही किंवा निदान एक अट पुरी होते. मोबाईलवर व्हिडिओ पाहण्यात एकही होत नाही.

हातात पेय हवं असेल तर घ्या, फक्त दारूचा जुना ग्लास वापरू नका. ‘झिरो’, म्हणजे बिनदारूची म्हणून विकल्या जाणाऱ्या बिअरबद्दल मत कडक आहे: पहिल्या वर्षात नको. काहींत ०.५ टक्क्यापर्यंत अल्कोहोल असतं, पण खरी अडचण तिच्या चवीची, वासाची आणि फेसाची आहे. ती जुनी सवय जागी ठेवते. संध्याकाळी कॉफीवर कॉफी नको, कारण झोप आधीच नाजूक झालेली असते.

आनंद मोजायची वही

उदासीनतेवरच्या उपचारांत एक पद्धत मानसोपचारतज्ज्ञ कित्येक दशकं वापरत आले आहेत: इच्छा होईपर्यंत थांबायचं नाही, आधी कृती करायची आणि मूड मागून येऊ द्यायचा. दारू सोडल्यानंतरच्या काळाला ती चपखल बसते, कारण या काळात इच्छा आपणहून उगवत नाही. वही आणि पेन पुरतं. करायची पद्धत अशी:

१. वीस-पंचवीस गोष्टींची यादी करा. तीन प्रकार मिसळा: निव्वळ मजेच्या, काहीतरी जमल्याचं समाधान देणाऱ्या आणि माणसांत नेणाऱ्या. एकाच प्रकारच्या घेतल्या तर यादी लवकर कंटाळवाणी होते. दारू लागण्यापूर्वी, शाळा-कॉलेजात काय आवडायचं, तिथून सुरुवात करा.

२. त्यातल्या आठवड्याला चार निवडा. प्रत्येकीला वार, वेळ, जागा आणि मिनिटं लिहा. ‘गिटार शिकणं’ असं नको. ‘मंगळवारी ७ वाजता, २० मिनिटं, दोनच कॉर्ड’ असं हवं.

३. सुरू करण्याआधी लिहा: किती मजा येईल, ० ते १०. संपल्यावर लगेच लिहा: किती आली.

४. एखादी गोष्ट किमान चार वेळा केल्याशिवाय यादीतून काढू नका.

पान साधारण असं दिसतं. मंगळवार, गिटार, २० मिनिटं: अंदाज २, प्रत्यक्ष ३, बोटं दुखली. बुधवार, मित्राबरोबर पोहणं, ४० मिनिटं: अंदाज १, प्रत्यक्ष ५. शुक्रवार, भावाला फोन: अंदाज ४, प्रत्यक्ष २, त्यानं पैशांचा विषय काढला. शनिवार, सायकलची चेन काढून साफ करणं: अंदाज २, प्रत्यक्ष ६. दोन आठवड्यांत एक गोष्ट बहुतेकांच्या वहीत उमटते: अंदाज प्रत्यक्षापेक्षा खालचा असतो. ‘काही मजा येणार नाही’ हा अंदाज सारखा चुकतोय हे स्वतःच्या अक्षरात दिसलं की पुढच्या वेळी त्याचं ऐकायचं कारण उरत नाही. ज्यांचा आकडा खरंच चौथ्यांदाही १ किंवा २ राहतो, त्या गोष्टी बिनदिक्कत सोडा.

आकड्यांकडून अपेक्षा बेताची ठेवा. दारूच्या पहिल्या तासाला जो ९ मिळायचा तो कशालाच मिळणार नाही, निदान लवकर नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत ४ म्हणजे उत्तम. आणि त्या ९ नंतर येणाऱ्या रात्रीचे, दुसऱ्या दिवशीच्या सकाळचे आकडेही पूर्वी कधी लिहिले नव्हते, हे विसरू नका.

सर्वांत जास्त चुका निवडीत होतात. पहिली म्हणजे महागडं सामान. सोडल्याच्या उत्साहात कॅमेरा, ट्रेडमिल किंवा पूर्ण ड्रम सेट येतो, तीन आठवड्यांनी तो धूळ खातो आणि ‘मला काहीच टिकवता येत नाही’ याचा पुरावा बनून समोर उभा राहतो. पहिले दोन महिने उसनं, भाड्याचं किंवा फुकट मिळेल तेच वापरा. दुसरी चूक म्हणजे एकदम पाच गोष्टी सुरू करणं. तिसरी, आवाक्याबाहेरचं माप. पळायचं असेल तर एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असं सात-आठ वेळा, आठवड्यातून तीन दिवस. दम लागून बोलता येईनासं झालं तर वेग जास्त आहे. वर्षानुवर्षं पिऊन झालेल्या शरीरानं, विशेषतः चाळिशीनंतर किंवा रक्तदाब, हृदयविकार, यकृताचा त्रास असताना, डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

माणसं

‘बसायला’ जाणारी मंडळी दोन प्रकारची असतात. काहींशी मैत्री असते आणि दारू तिच्यात आलेली असते. काहींशी फक्त दारूचंच नातं असतं. ओळखायची सोपी रीत: त्यांना सकाळी भेटायला बोलवा, चालायला, सामना पाहायला, कुठल्या कामाला. येतील ते पहिले. दुसऱ्यांना तोडायची, उपदेश करायची गरज नाही. बोलावणं थांबलं की ते नातं आपोआप विरतं.

पार्टीला जाणं पहिले तीन महिने टाळता आलं तर उत्तम. जावंच लागलं तर आपल्या सोयीनं परत येता येईल अशी व्यवस्था आधी करा, पोहोचताक्षणी हातात काहीतरी बिनदारूचं घ्या आणि निघायची वेळ ठरवून जा. एक तास पुरतो. नकाराचं वाक्य एकच आणि छोटं ठेवा: ‘मी घेत नाही, बंद केलंय.’ कारणं सांगू लागलात की समोरचा प्रत्येक कारणावर तोड सुचवतो. आणि न पिता पार्टीत दीड तासानंतर कंटाळा आला तर त्यात तुमचं काही बिघडलेलं नाही. तोवर गोष्टी तिसऱ्यांदा सांगितल्या जात असतात.

नवी माणसं मिळायची जुनी, खात्रीची जागा म्हणजे स्वमदत गट. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची सुरुवात १९३५ साली अमेरिकेत झाली आणि आज जगभर तिच्या सभा भरतात. फी नसते, नाव-गाव सांगायची सक्ती नसते. कंटाळ्याच्या दृष्टीनं तिचा एक फायदा क्वचित बोलला जातो: संध्याकाळचा ठरलेला तास, आणि तिथे करायला काम. खुर्च्या मांडणं, चहा करणं, नव्या माणसाला दारात भेटणं असलं बारीकसारीक काम मागून घ्या. नुसतं ऐकत बसणारा लवकर गळतो. तिथली ईश्वराची भाषा पटत नसेल तर विचार आणि वर्तनाच्या तंत्रांवर चालणारे स्मार्ट रिकव्हरीसारखे गटही आहेत, त्यांच्या सभा ऑनलाइनही होतात. दोन-तीन वेगवेगळ्या सभांना गेल्याशिवाय मत बनवू नका, कारण प्रत्येक सभेची हवा निराळी असते.

तलफ आली की

कंटाळा आणि तलफ यांची सीमा पुसट असते, तेव्हा आधी चार प्रश्न: भूक लागलीय का, राग आलाय का, एकटं वाटतंय का, थकलोय का? उत्तर सापडलं तर इलाजही तिथेच असतो: खाणं, कोणाशी बोलणं, झोपणं. सापडलं नाही तर मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लॅट यांनी रुजवलेली रीत वापरा. तलफेशी झगडायचं नाही आणि तिचं ऐकायचंही नाही. बसा, ती शरीरात नेमकी कुठे जाणवते ते पाहा: घशात, जबड्यात, छातीत, तळहातांत. तिथलं ताणणं, गरम होणं, वाढणं-उतरणं मनात शब्दांत मांडत राहा आणि श्वास चालू द्या. बहुतेक तलफा खतपाणी न मिळता वीस-तीस मिनिटांत उतरतात. ‘आता आयुष्यभर असंच?’ हा प्रश्न त्या वेळी घेऊ नका. घड्याळ लावा आणि अर्ध्या तासाचं बघा. घरात बाटली नसणं ही या रीतीची पूर्वअट आहे. पाहुण्यांसाठी ठेवलेलीही नको.

बदलीचे खेळाडू

रिकामी जागा दुसरं व्यसन चटकन बळकावतं. गोड खावंसं वाटणं या काळात नेहमीचं आहे आणि पहिले काही आठवडे त्यावर फार कडक होऊ नका, मधुमेह असेल तर मात्र डॉक्टरांशी बोला. सगळ्या आघाड्या एकदम उघडल्या की माणूस थकतो. सिगारेट वाढू देऊ नका. दोन्ही सवयी एकमेकींची आठवण करून देतात. पैशाचा जुगार, मग तो ऑनलाइन गेम म्हणून का येईना, पूर्ण बंद. झोपेच्या गोळ्या स्वतःच्या मनानं नकोतच.

मोबाईलबद्दल एक अट पुरते: त्या नव्वद मिनिटांत तो दुसऱ्या खोलीत. दर काही सेकंदांनी नवं काहीतरी समोर येण्याची सवय लागली की वीस मिनिटांचा गिटारचा सराव आणखी रटाळ वाटतो, आणि वहीतले आकडे खाली येतात.

कंटाळा नसेल तेव्हा

काही वेळा ज्याला आपण कंटाळा म्हणतो ते नैराश्य असतं. दारूमुळे आलेली उदासी बहुधा सोडल्यावर तीन-चार आठवड्यांत बरीच निवळते. त्यानंतरही जवळपास रोज, दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास राहत असेल, भूक-झोप बिघडली असेल, वहीतले सगळेच आकडे ० आणि १ वर अडकले असतील, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा आणि वही सोबत न्या. मरणाचे विचार येत असतील तर थांबू नका; त्याच दिवशी घरच्या कोणाला तरी सांगा आणि दवाखाना गाठा.

तलफ कमी करणारी औषधं आहेत. नाल्ट्रेक्सोन आणि अ‍ॅकॅम्प्रोसेट ही त्यांतली दोन प्रमुख, आणि कोणाला कोणतं चालेल हे यकृत, मूत्रपिंड आणि चालू असलेली इतर औषधं पाहून डॉक्टर ठरवतात. डायसल्फिरामचं काम वेगळं: ते घेतल्यावर दारू प्यायली तर शरीर तीव्र प्रतिक्रिया देतं. ते कोणाच्याही जेवणात नकळत घालणं जिवावर बेतू शकतं. कंटाळ्यावर यांपैकी एकही औषध नाही. तलफ कमी झाल्यानं वही भरायला जागा मिळते, इतकंच.

घसरलात तर

एक पेग गेला की ‘आता सगळंच वाया गेलं, मग पिऊनच घेऊ’ हा विचार त्या पेगपेक्षा जास्त नुकसान करतो. उरलेली बाटली ओतून टाका, त्याच रात्री एका माणसाला फोन करून सांगा. पिणं काही दिवस सलग चाललं असेल तर पुन्हा एकट्यानं एकदम थांबवू नका, सुरुवातीला सांगितलेला धोका पुन्हा लागू होतो. दुसऱ्या दिवशी वही उघडून आदल्या दिवसाचे तास भरा: काय खाल्लं, किती झोप झाली, कोण भेटलं, किती वाजता हात रिकामे झाले. बहुधा एखादी ठरलेली गोष्ट रद्द झालेली आढळते, मित्र आला नाही, पाऊस आला, क्लासला सुट्टी होती, आणि तिच्या जागी काही ठरवलेलं नसतं. म्हणून आठवड्याच्या चारही गोष्टींपुढे एक एक राखीव गोष्ट लिहून ठेवा, जी घरात, एकट्यानं, कोणत्याही हवेत करता येते. तिचं सामान आदल्या रात्रीच काढून ठेवा.